भाव न उतरवणारे काका

पितळी सोऱ्या. ताटल्या चार, मूळच्या पाच, शेवेची हरवलेली. दांडा किंचित वाकडा. पीठ बाजूने वर येते, त्यामुळे दुसऱ्या माणसाला वरून अंगठा दाबून धरावा लागतो. चकली तरीही चांगली पडते. किमान बोली सहा हजार आठशे रुपये.

ही जाहिरात मी एका लिलावाच्या साइटवर वाचली आणि मला दोन गोष्टी एकदम खटकल्या. एक अर्थातच किंमत. दुसरी फोटोतली फरशी. लाल फरशी, हिरवी किनार, आणि कोपऱ्यात सिमेंटचं एक ठिगळ. त्या ठिगळाच्या शेजारी मी रोज ऑफिसातून आल्यावर चपला काढत असे.

विक्रेता आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. आमचे घरमालक.

दिवाळी जवळ आली होती, आमच्याकडचा सोऱ्या बदलीच्या सामानात कुठेतरी गहाळ झाला होता, आणि जयपूरच्या बाजारात मिळतो तो शेवेचा. त्यातून चकली पडते, पण तिला काटे येत नाहीत, आणि काटे नसलेली चकली माझी बायको चकली मानत नाही. म्हणून मी साइटवर शोधत होतो. त्या साइटचा मला मुळातच राग होता. कुणाच्या आजोबांचा बंद पडलेला प्लास्टिकचा गजर ‘राजघराण्यातून आलेला’ म्हणून चार हजारांना. मागच्या वर्षी बनवून धुरावर काळा केलेला दिवा ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’. एका तांब्यावर कुणा बाईचं नाव आणि ‘यांजकडून’ असं सरळ देवनागरीत टोचलेलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की हा प्राचीन मंत्र आहे. मी हिशेबाच्या खात्यात काम करतो. अशा जागी माझं डोकं तापतं. वजन बघावं, धातूचा भाव बघावा, घडणावळ धरावी, वापराची घट वजा करावी. याच्या वर जे मागितलं जातं त्याला माझ्या भाषेत एकच शब्द आहे, आणि घरमालकांसाठी तो वापरायची माझी इच्छा नव्हती.

कारण काका तसे नव्हते. ते विमा कंपनीत होते, नुकसानभरपाईच्या विभागात. सगळं आयुष्य जळलेल्या दुकानांत आणि भिजलेल्या गोदामांत जाऊन, उरलेल्या मालाची किंमत ठरवण्यात गेलेलं. मूळचे अमरावतीकडचे. बदली होऊन जयपूरला आले, इथेच मुलगी मोठी झाली, इथेच आदर्श नगरात हे दुमजली घर घेतलं आणि निवृत्तीनंतरही परत गेले नाहीत. काकू आम्ही इथे येण्याच्या आधीच वारल्या होत्या. भाड्याची रक्कम मी बँकेतून पाठवत असे, तरी दर महिन्याला ते पावती फाडून वर आणून देत. मी म्हटलं, काका, बँकेत नोंद असते. तर म्हणाले, ‘‘नोंद बँकेची झाली. तुमची माझी कुठे झाली?’’ आणि मग अर्धा कप चहा घेत. पूर्ण कप कधी घेतला नाही. अर्धा प्यायचा, गप्पा करायच्या, उठायचं नाटक करायचं, मग बायकोने विचारलं की आणखी अर्धा. असं केल्याने बसायचा वेळ दुप्पट होतो हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

गल्लीत सगळे त्यांना अंकलजी म्हणत. सकाळी ते फाटकाशी उभे राहून दूधवाल्यापासून शाळेच्या रिक्षापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी दोष दाखवत. ‘‘भैया, तुम्हारा पिछला टायर बैठ रहा है.’’ ‘‘बेटा, बस्ते की चेन खुली है.’’ दोष खरा असे. लोक थांबत, दुरुस्त करत, हसत आणि जात. कुणी थांबलं नाही तर काका तिथेच उभे राहत आणि पुढच्याची वाट बघत.

वस्तूचा दोष आधी सांगावा, भाव मग सांगावा, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. घर भाड्याने देतानाही त्यांनी मला आधी ओल आलेली भिंत दाखवली होती, न लागणारी खिडकी दाखवली होती, गच्चीवरच्या टाकीत उन्हाळ्यात पाणी कसं उकळतं ते सांगितलं होतं, आणि भाडं सांगितलं ते त्या गल्लीतलं सर्वांत कमी होतं. अशा माणसाने वाकड्या दांड्याच्या सोऱ्याला सहा हजार आठशे लावावेत हे माझ्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

मी त्या रात्री साइटवरचं त्यांचं सगळं दुकान पाहिलं. पितळी घंगाळ, तळाला दोन ठिकाणी डाग देऊन सांधलेलं, दुसरा डाग कधीही सुटू शकतो, बावीस हजार. पाट, एक पाय आखूड, बसणारा डावीकडे कलतो, साडेचार हजार. लोखंडी खलबत्ता, बत्ता मूळचा नाही. अडकित्ता, पातं बोथट, सुपारी कातरत नाही, फक्त फोडतो. स्टीलच्या वाट्या, सहाच्या पाच. प्रत्येक वस्तूखाली दोषांची मोठी कहाणी आणि तिच्याखाली अशी किंमत की वाचणाऱ्याने फोन दूर धरावा. बोली एकावरही नव्हती. आठवडा संपला की वस्तू आपोआप उतरत, आणि सोमवारी सकाळी काका त्या पुन्हा चढवत. एका बोटाने टाइप करत त्यांचं ते काम दुपारपर्यंत चाले.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो आणि सरळ विषय काढला. सोऱ्याचं वजन हातात धरून साधारण अजमावलं, पितळेचा भाव सांगितला, घडणावळ धरली, हरवलेल्या ताटलीची वजावट केली, आणि म्हटलं, काका, फार तर साडेसातशे. त्यांनी माझा आकडा डोक्यात पुन्हा एकदा करून पाहिला. मग म्हणाले, ‘‘सातशे वीस. दांडा वाकडा आहे तो तुम्ही धरला नाही.’’

मग सहा हजार आठशे का, असं मी विचारलं.

‘‘त्याच्या खाली कोणी घेऊन घेईल ना बापा,’’ ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं ते असं. काकू गेल्यावर मुलगी पुण्याहून आली होती. ती तिथे एका कंपनीत आहे, एकटीच राहते. म्हणाली, बाबा, इथे एकटे राहू नका, माझ्याकडे चला. यांना जायचं नव्हतं. पण मुलगी समोर रडत होती, आणि नाही म्हणणं त्यांच्याच्याने होईना. तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं की एवढं सामान आहे, ते निकाली लागलं की येतो. घरातलं सगळं विकायला काढतो. मुलगी हो म्हणाली आणि तिनेच फोनवर ती साइट लावून दिली.

‘‘शब्द दिला होता, तो पाळून राहिलो आहे,’’ काका म्हणाले. ‘‘विकायला काढलं आहे. लपवलं काहीच नाही. दोष लिहिले आहेत. किंमत किती लावायची हे काही ठरलं नव्हतं.’’

विमा खात्यातला माणूस करारात काय लिहिलं आहे आणि काय लिहिलेलं नाही हे बघतो. पण ते सांगताना त्यांचा चेहरा काही विजयी नव्हता. मी विचारलं, पुण्याला जायला काय हरकत आहे? सोय होईल, मुलगी आहे. ‘‘इथे मी एकटा आहे हे साऱ्या गल्लीला माहीत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तिथे सातव्या मजल्यावर कोणाला माहीत होईल? मुलगी सकाळी जाईल, रात्री येईल, थकलेली. वरून मला पाहील की बाबा जेवले का, बाबा पडले तर नाही. म्हणजे तिला एक काम वाढलं. मी कोणाच्या घरी कामाच्या यादीत जायचा नाही.’’

सोऱ्या त्यांनी मला दिवाळीसाठी तसाच वापरायला दिला. अंगठा दाबून धरायला स्वतः वर आले. चकल्यांना काटे छान आले.

दर रविवारी सकाळी मुलीचा फोन येई. काका व्हरांड्यात बसून स्पीकर लावून बोलत, कारण कानाला फोन धरला की त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे गॅलरीत कपडे वाळत घालताना आम्हालाही सगळं कळे. जेवण, औषध, हवा, आणि मग ती विचारे, काही विकलं गेलं का. हे म्हणत, बाजार मंद आहे. ती म्हणे, हो का. मग ती म्हणे, ठीक है बाबा, रखती हूँ. फोन बंद झाल्यावरही काका तो तसाच समोर धरून बसत. मला वाटे, सुटका झाली म्हणून बसले आहेत.

पण त्या दुकानाचा त्यांना वेगळाच एक लळा लागला होता, हेही खरं. लोक निरोप पाठवत. बहुतेकांचा मजकूर एकच, भैया, लास्ट प्राइस? काका त्याला सविस्तर उत्तर देत. भाव कमी होणार नाही, पण आपणास घंगाळ कशासाठी हवे आहे? घरात बंब आहे का? डाग सुटल्यास जयपुरात तो देणारा एकच माणूस उरला आहे, आपल्या गावी कोणी आहे का? यावर पलीकडून बहुधा काही येत नसे. एकदा लखनौच्या कुणी गृहस्थाने उलट लिहिलं की आमच्याकडेही असंच घंगाळ होतं, आजी त्यात आम्हाला बसवून अंघोळ घालायची. काका तो निरोप दाखवायला वर आले. चहा अर्धा, पुन्हा अर्धा, आणि पुन्हा एकदा अर्धा झाला. त्या गृहस्थाला त्यांनी चार दिवस रोज काहीतरी लिहिलं. मग तिकडून उत्तर येणं थांबलं, आणि काकांनी विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी मी झालान्याच्या ऑफिसातून लवकर घरी आलो होतो. स्कूटर लावतोय तोच काका व्हरांड्यातून म्हणाले, ‘‘अहो, जरा इकडे या. घोळ होऊन गेला.’’

डबा विकला गेला होता. पितळी, उंच, कडीचा, झाकणावर काकूंचं नाव टोचलेला. त्यांच्या लग्नात मावशीने दिलेला. किंमत अकरा हजार. झाकण सैल आहे, डबा आडवा केल्यास उघडतो, असं खाली स्पष्ट लिहिलेलं. बंगळूरच्या एका हॉटेलाची सजावट करणाऱ्या बाईंनी एकही प्रश्न न विचारता बोली लावली होती आणि पैसे भरून टाकले होते.

‘‘आकडा वाचला नसेल का त्यांनी?’’ काका म्हणाले.

मी म्हटलं, रद्द करता येतं, साइटवर तशी सोय आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. मांडलेल्या भावाला घेणारा आला, आता माघार घ्यायची म्हणजे इतके दिवस आपण जे केलं ते खोटं होतं असं होईल. डबा जाणार हे ठरलं.

त्यांनी तो चिंच लावून घासला. माझ्या बायकोने फुगेवालं प्लास्टिक दिलं, मी खोका आणला. आणि बांधायची वेळ आली तेव्हा काका स्वयंपाकघरात जाऊन साखरेची बरणी घेऊन आले आणि त्यांनी डब्यात वाटीभर साखर ओतली.

आता हे लिहिताना दिसतं, पण तेव्हा आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरी भांडं जातं आहे, ते रिकामं कसं जाईल? माझ्या आईने शेजारची वाटीसुद्धा कधी रिकामी परत केली नाही. बायको उलट म्हणाली की एवढा मोठा डबा, वाटीभर बरी दिसत नाही, आणखी घाला. मी फक्त कुरिअरच्या वजनाचा विचार केला आणि पाव किलोने दर बदलत नाही याची खात्री करून घेतली. झाकण सैल आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. काकांनी ते दोऱ्याने बांधलं. दोरा बांधला म्हणजे झालं असं आम्हाला वाटलं.

बाईंची तक्रार आली ती फोटोंसकट. खोक्याचा कोपरा ओला होऊन चिकट झालेला, त्याला मुंग्या लागलेल्या, प्लास्टिकच्या फुग्याफुग्याच्या फटीत साखर शिरलेली. तक्रारीत लिहिलं होतं, पार्सलमध्ये अनोळखी पांढरी पूड आढळली. साइटकडून लगेच नोटीस. जाहिरातीत न सांगितलेला पदार्थ पाठवल्याबद्दल खुलासा द्या. काकांनी दिला. मीच बसून टाइप केला, ते सांगत गेले. डब्यात साखर होती. आमच्यात रिकामं भांडं देत नाहीत. बाईंचा संसार गोड व्हावा एवढाच हेतू होता. साखर ज्या दुकानातून घेतली त्याचं बिल जोडतो. बिल खरोखरच जोडलं. उत्तर आलं ते यंत्राचं. आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. खरेदीदाराचे पैसे परत करण्यात आले आहेत.

दुकान गेलं. घंगाळ, पाट, खलबत्ता, अडकित्ता, सगळ्या जाहिराती एका क्षणात पुसल्या गेल्या. काका पुन्हा पुन्हा ते पान उघडून बघत. काही दिवसांनी डबाही परत आला. त्यांनी दोरा सोडला, झाकण उचललं, आत पाहिलं.

‘‘रिकामाच पाठवला,’’ ते म्हणाले. अकरा हजार गेल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण हे लागलं.

त्या रविवारी फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. काकांनी मुलीला सगळं खरं सांगितलं. साखरेपासून. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढच्या शनिवारी सकाळी ती दारात. एक पाठीवरची पिशवी, डोळ्यांखाली प्रवासाचं काळं. मी तिला याआधी दोनतीनदाच पाहिलं होतं. पंचेचाळिशीची असेल, केस आखूड, बोलणं सगळं हिंदीत चालू करून मध्येच मराठीत येणारं, आणि मराठीत आलं की अडखळणारं. पुण्यात राहून तिचं मराठी सुधारलं नव्हतं. बायकोला एकदा म्हणाली होती की तिथे दुकानात मी मराठी बोलायला लागले की समोरचा माणूस हिंदीत उत्तर देतो, म्हणून आता बोलतच नाही.

काकांनी मला खाली बोलावलं. पाण्याच्या मीटरचा आकडा घेताना बोलवत तसंच, साक्षीदार म्हणून. मी जायला नको होतं, पण त्यांनी खुर्ची काढून ठेवली होती. व्हरांड्यात ऊन आलं होतं. ते ताठ बसले आणि एखाद्या दाव्याची बाजू मांडावी तशी त्यांनी सुरुवात केली. सामान निकाली निघालं की येतो असं मी कबूल केलं होतं. सामान विकायला काढलं. आता विकण्याची जागाच बंद झाली, यात माझा दोष किती आणि साइटचा किती हे वेगळं पाहता येईल. पण सामान आहे तिथे आहे. तेव्हा...

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘मी रोज बघायची.’’

काय बघायची, असं त्यांनी विचारलं.

‘‘तुमचं दुकान. मतलब, सोमवारी ऑफिसात गेले की सबसे पहले तेच. तुम्ही भाव कमी केला का, ते. मला पहिल्या हफ्त्यातच समजलं होतं ना. बावीस हजारचं घंगाळ कोण घेतं? तुम्हाला यायचं नाही, म्हणून लावलंय, हे समजलं. पण मला वाटायचं, कधीतरी कमी करतील. ज्या दिवशी कमी करतील, त्या दिवशी... मतलब, त्या दिवशी मन झालं असेल.’’

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. नेहमी काका त्याच्या तराजूला काहीतरी बोलत. आज त्यांनी मान वळवली नाही.

‘‘एकदा झाला होता कमी,’’ ती म्हणाली. ‘‘दिवाळीनंतर. घंगाळ एक हजारनी कमी. मी त्याच दिवशी जाऊन गादी आणली. तुमच्या खोलीसाठी.’’

‘‘बोट चुकलं होतं,’’ काका हळू म्हणाले. ‘‘दोन दाबायच्या ऐवजी...’’

‘‘हो. दुसऱ्या दिवशी परत तेवढाच.’’ ती हसली. ‘‘गादी आहे. प्लास्टिक पण काढलं नाही अजून.’’

मी उठायला लागलो. काकांनी माझ्याकडे न बघता हात खाली केला, बसा म्हणून.

ते म्हणाले की तुझ्यावर ओझं नको म्हणून मी हे सगळं केलं. तू सकाळी जाशील, रात्री येशील, त्यात म्हाताऱ्याचं जेवण, म्हाताऱ्याचं दुखणं. मला पूर्वी जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिला आता, पहिल्यांदाच, सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने ओढणीने नाक पुसलं.

‘‘तुम्हाला कुणी सांगितलं, मी तुमच्यासाठी बोलावते म्हणून?’’ ती म्हणाली. ‘‘मी शुक्रवारी संध्याकाळी घरी येते. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये कुणी गुड मॉर्निंग म्हणतं, तेव्हा मला कळतं की दोन दिवस मी बोललेच नाही. रविवारी तुमचा फोन, बस. आणि त्याच्यात तुम्ही सांगता, बाजार मंद आहे.’’

मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

काकांचा आवाज आला तो अगदी वेगळा होता, थोडा रागावलेला. ‘‘हे तू आधी का नाही सांगितलं?’’

‘‘तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सामानाचं बोलला, तर मी सामानाचं बोलले. मला काय सामानाचं? मी कधी म्हटलं विका?’’

खरंच, ते तिने म्हटलं नव्हतं. अट त्यांनीच घातली होती आणि पाळलीही त्यांनीच. काकांनी ते मनात पडताळून पाहिलं असावं, कारण त्यांचे ओठ एकदा हलले. मग ते खुर्चीत पुढे सरकले आणि नुकसानीची पाहणी करायला गेलेला माणूस जसे प्रश्न विचारतो तसे त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली. स्वयंपाक कोण करतं? कुणी नाही, बाहेरून येतो. कुकर? एक, छोटा. पोळपाट? नाही. ताटं? दोन, एक तुटलेलं. डबे? चहा-साखरेचे दोन, बाकी पुडे रबर लावून ठेवते. त्यांच्या कपाळावर आठी पडत होती. गल्लीत कुणाचा टायर बसलेला दिसला की पडे तशी.

‘‘चहा तरी घरी करतेस ना?’’

‘‘करते की.’’

‘‘पातेलं केवढं आहे?’’

तिला प्रश्न नीट कळला नाही. तिने हाताच्या पंज्याने माप दाखवलं. ‘‘एका कपाचं,’’ ती म्हणाली.

काका तिच्या त्या हाताकडे बघत राहिले. मग उठले आणि आत गेले. आतून भांडी सरकवल्याचे आवाज येत राहिले, काहीतरी खाली पडलं, गरगर फिरत थांबलं. ती उठली, पण मी खूण केली म्हणून थांबली. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. हातात चहाचं पातेलं होतं, ॲल्युमिनियमचं, बाहेरून काळं झालेलं, सांडशीने धरून धरून कडेला पोचा आलेलं. रोजच्या वापरातलं. साधारण अडीच कपांचं. साइटवर मी ते कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी विकायला काढलंच नव्हतं.

ते त्यांनी लुंगीच्या टोकाने आतून पुसलं आणि तिच्या पिशवीची चेन स्वतः उघडली.

‘‘तळ पातळ झाला आहे,’’ ते म्हणाले. ‘‘दूध लागतं. गॅस बारीक ठेवावा लागेल. मी ठेवत जाईन.’’